पहिला तार

शुक्रवारी सकाळी मगनशेठच्या कारखान्यात पेढ्यांचा पुडा आला. सुपडूला पहिला तार मिळायचा होता.

लिंबायतला, रेल्वेच्या रुळांलगत, पत्र्याच्या छपराखाली हा चोवीस मागांचा कारखाना होता. दुष्काळाने खानदेशातली गावंच्या गावं रिकामी केली, आणि त्यातली बरीचशी माणसं एकमेकांचं बोट धरून सुरतेला येऊन ठेपली. त्यांतलेच हे विणकर. कारखान्याचे मालक गुजराती, कामगारांची बोली अहिराणी, आणि या दोहोंच्या मधोमध उभा असायचा निंबा मास्तर. मास्तर म्हणजे शाळेतला नव्हे. माग अडला की दुरुस्त करायचा आणि गावाकडून आलेल्या कोऱ्या पोराला विणकर करून सोडायचं, हे त्याचं काम. असे अठरा विणकर त्याच्या हातून तयार झाले होते. सुपडू एकोणिसावा.

पहिल्या ताराची रीत अशी. मागावर डावी-उजवीकडे धावतो तो धोटा. त्याच्या पोटात सुताची कांडी बसवायची आणि सुताचं टोक बाजूच्या बारीक भोकातून बाहेर काढायचं. बोटाने ते निघत नाही. म्हणून विणकर भोकाला ओठ लावतो आणि श्वास आत ओढतो, की टोक जिभेवर येतं. कांडी संपली की पुन्हा तेच, दिवसातून शंभरदा. नव्या पोराला माग द्यायच्या दिवशी मास्तर आधी स्वतः तार ओढतो, तोडतो, आणि तोच धोटा पोराच्या तोंडाला लावतो. एकमेकांचं उष्टं झालं की तो पोरगा मास्तरचा.

"वढ भाऊ, जोरमा वढ," निंबा मास्तर म्हणाला. सुपडूने डोळे मिटून ओढलं. सुताबरोबर सगळी कस्पटं घशात गेली आणि पोरगा खोकून खोकून लालेलाल झाला. सगळे हसले.

"झाया! आते हाऊ मास्तरना झाया," उखा म्हणाला. उखा सगळ्यांत जुना विणकर. हसता हसता त्यालाच खोकल्याची उबळ आली, कारण वीस वर्षं कस्पटं गिळून त्याची छाती पार पोखरली होती.

ती रिकामी कांडी मास्तरने खिशात टाकली. प्रत्येक चेल्याची पहिली कांडी तो घरी फळीवर मांडून ठेवायचा. माणसाला कसलातरी अभिमान हवाच, मास्तरला हा होता.

पेढे वाटून झाले. कोपऱ्यातल्या कांडी भरायच्या यंत्राशी मात्र पुडा पोचता पोचता रिकामा झाला. तिथे नागनाथ बसला होता.

नागनाथ वीस वर्षांचा, नववी पास. त्याचे वडील भिवा रेल्वेत गँगमन. छप्पन साली सगळ्या वस्तीबरोबर त्यांनी बौद्ध धम्म घेतला, आणि त्यानंतर पोराला शाळेत घातलं. चार वर्षांपूर्वी भिवाने त्याला इथे आणलं तेव्हा शेठ म्हणाले होते, दोन वर्षं कांडी, मग माग. कांडी भरणं हे पोरांचं आणि म्हाताऱ्या बायांचं काम. नागनाथला मिसरूड फुटली, दाढी आली, तरी तो तिथेच. या चार वर्षांत सात पोरं त्याच्या पुढून मागावर गेली, आणि त्या सातांच्या पहिल्या कांड्या त्यानेच भरून दिलेल्या होत्या. मागाचं सगळं काम त्याला येत होतं. मास्तर आजारी असताना आठ नंबरचा माग त्यानेच चालू केला होता, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

त्या दिवशी जेवणाच्या सुटीत तो मास्तरसमोर उभा राहिला.

"मास्तर, मना पहिला तार कव्हय?"

मास्तरच्या हातातला भाकरीचा तुकडा हातातच राहिला. "देखसूत," तो म्हणाला, "शेठले इचारस."

"चार वरीस व्हई ग्यात."

"सांगं ना, इचारस."

आता मगनशेठबद्दल. माणूस वाईट नव्हता, आणि खरी अडचण तीच होती. कामगाराचं मूल आजारी पडलं तर औषध आणून देणारा, पोरांना मायेने 'दीकरा' म्हणून हाक मारणारा. नवीन पोरांना शिकवलं तर कारखाना चालतो, हे तो इतर मालकांना अभिमानाने सांगायचा. निंबा मास्तरने विचारताच त्याने हात पसरले.

"निंबाभाई, छोकरो होशियार छे. मने तो कंई वांधो नथी. पण कारीगर?"

मास्तर कारागिरांकडे गेला. उखा बिडी विझवत म्हणाला, "माले काय से? शहरमा कोन पाळस हाई? पन रातपाळीवाला मना धोटा तोंडले लावतस. त्या काय म्हनतीन?" रातपाळीवाले म्हणाले, आमचं काही नाही, पण गावाकडे कळलं तर? गाव तर तिथे हजर नव्हतं. म्हणजे हरकत कुणाचीच नव्हती, आणि तरीही नागनाथ जागचा हलत नव्हता. जातीचं नाव कुणी चुकूनही काढलं नाही. सगळे फक्त धोट्याबद्दल बोलत होते.

मास्तर स्वतःला विचारायला मात्र विसरला. विसरला म्हणावं की टाळलं, ते त्याचं त्याला ठाऊक.

पुढच्या सुटीच्या दिवशी नागनाथ मास्तरच्या खोलीवर आला. चेहरा नुसता फुलला होता. त्याच्या हातात मोडक्या छत्रीची काडी होती. तिचं टोक कानशीने घासून त्याने बारीक आकडा केला होता. त्याने धोटा मांडीवर धरला, भोकातून आकडा आत सारला, सुताचं टोक पकडलं आणि बाहेर काढलं. ओठ नाही, थुंकी नाही, कस्पटं नाहीत.

"उखाआबाना खोकला देखीसन सुचनं," तो म्हणाला. "सगळास्ले एकेक बनाडी देस. मंग तोंडना सवालच नही."

मास्तरने चार-पाच वेळा आकड्याने तार काढून पाहिला. त्याला एवढा आनंद झाला की त्याने पोराच्या पाठीत जोराची थाप मारली. आपण कात्रीत सापडलो होतो, आणि या पोराने स्वतःच आपल्याला सोडवलं, असं त्याला वाटलं.

सुभद्राबाईंनी, म्हणजे मास्तरच्या बायकोने, चहा आणला. मास्तरला पितळेच्या फुलपात्रात, आणि नागनाथला कानतुटक्या कपात. तो कप घरातला नव्हता. बाहेर खिडकीच्या कट्ट्यावर पालथा पडलेला असायचा. नागनाथने चहा प्यायला, कप स्वतःच नळावर धुतला आणि होता तसा कट्ट्यावर पालथा घातला. कुणी न सांगता. जागा त्याला पाठ होती.

तो गेल्यावर मास्तर म्हणाला, "घरमा कप नव्हता का?"

"व्हता," सुभद्राबाई भांडी आवरत म्हणाल्या. "पन बैशाखमा सुंदरानं लगीन शे. सोयरा धुळा जिल्हाना. त्यास्ले कोनी आठलं तठे सांगं तं पोरगी घरमा ऱ्हाई जाई. माले नका इचारू. मी नही बनाडं हाई जग." त्या रागाने बोलत होत्या, पण डोळ्यांना पदर लावला. फळीवरच्या एकोणीस कांड्या मास्तरने उगाच सरळ केल्या.

शेठना आकडा फारच आवडला. मास्तर म्हणाला, "शेठ, सगळ्यांनाच देऊ. उखाची छाती बघा." शेठ म्हणाले, हाताला सवय होईपर्यंत वेळ जाईल, माल मागे पडेल. मास्तरने धीर करून आणखी एक विचारलं. तुम्ही मालक आहात, एकदा सगळ्यांसमोर म्हणा की माझ्या कारखान्यात असला भेद चालायचा नाही. शेठ हसले.

"अरे निंबाभाई, हूं धंधो करूं के सुधारो?"

मग शेठनीच तोडगा काढला. बारा नंबरचा माग नागनाथचा. त्याला आकडा. बाकीच्यांचं जसं चाललंय तसं. आणि उगाच घोटाळा नको म्हणून त्याचे धोटे वेगळे. मास्तरने मान डोलावली. त्याला वाटलं, माग तर मिळाला पोराला, बाकीचं हळूहळू होईल. हळूहळू होईल असं म्हणत आपल्याकडे किती पिढ्या म्हाताऱ्या झाल्या, याचा हिशोब कोण ठेवतो?

सोमवारी सकाळी नागनाथच्या पहिल्या ताराला त्याचे आईवडील आले. भिवाने रेल्वेचा निळा सदरा धुऊन घातला होता. रंभाबाईंनी पेढ्यांचा पुडा पदराखाली धरला होता. कारखान्यात आत कधी आल्या नव्हत्या, म्हणून दारातच एका बाजूला उभ्या राहिल्या. नागनाथने केसांना तेल लावून भांग पाडला होता.

बारा नंबरच्या मागाशी आल्यावर तो थांबला. मागाच्या शेजारी भिंतीत एक नवा खिळा ठोकला होता. त्यावर दोन धोटे टांगले होते. त्यांच्या टोकांना लाल रंग दिलेला होता, ओलाच होता अजून. चोवीस मागांत लाल टोकाचे धोटे फक्त तेच दोन.

मास्तरने त्यातला एक उचलला, कांडी बसवली, आकड्याने तार काढला, तोडला, आणि धोटा व आकडा दोन्ही नागनाथपुढे धरले. मास्तर हसत होता, पण कुणाच्या डोळ्याला डोळा देत नव्हता.

नागनाथने आकडा घेतला नाही.

"मास्तर, सुपडूना धोटाले तुम्हीन तोंड लायं. मना धोटाले का नही?"

"अरे, आकडा तूच तं बनाडा."

"सगळास्नासाठे बनाडा. सगळा आकडा लेतीन तं मी बी लेस. सगळा तोंड लावतीन तं मी बी लावस." त्याने लाल टोकाचा धोटा हातात घेतला, ओठांना लावला, तार ओढला. मग तो मास्तरपुढे धरला. "आते तुम्हीन वढा. एकच डाव."

माग थांबले होते. उखा बघत होता, सुपडू बघत होता, केबिनच्या काचेआडून शेठ बघत होते. निंबा मास्तरला सुंदरा आठवली, धुळ्याचे सोयरे आठवले, गावची पंगत आठवली. त्याचा हात धोट्यापर्यंत गेला. आणि तसाच मागे आला.

"हट नको करू, भाऊ," तो म्हणाला. "आते जे भेटस ते ले."

नागनाथने धोटा खिळ्याला टांगला, आकडा मागावर ठेवला आणि दाराकडे निघाला. भिवा त्याच्या मागे. रंभाबाईंनी पुढे होऊन पेढ्यांचा पुडा पहिल्या मागाच्या कडेला ठेवला. आणलेला खाऊ परत न्यायचा नसतो म्हणून. त्याची दोरी संध्याकाळपर्यंत कुणी सोडली नाही. शेवटी झाडूवाल्याने तो उचलला.

त्यानंतरचे चार महिने मास्तरने कसे काढले ते विचारू नये. बाराव्या मागावर गावाकडचा दुसरा पोरगा आला. त्याच्या पहिल्या ताराला मास्तरने धोटा ओठांशी नेला आणि त्याची नजर खिळ्यावरच्या लाल धोट्यांवर गेली. कसाबसा तार ओढला. त्या पोराची कांडी त्याने घरी नेलीच नाही. सुंदराचं लग्न झालं, वाजतगाजत झालं, आणि मांडवात सोयऱ्यांच्या पाया पडताना मास्तरच्या मनात आलं, या लग्नाची किंमत दुसऱ्याच्या पोराने दिली.

आषाढात फाटकाशी त्याला भिवा भेटला. खांद्यावर रुळांचा पाना होता. मास्तरने पोराची चौकशी केली.

"पलसाणाले गया. कापडना रंगखातामा," भिवा म्हणाला. "तठे कोनी इचारत नही तू कोन. त्या कामले कोनी येतच नही ना." एवढं बोलून तो रुळांवरून चालू लागला. शिवी दिली असती तर मास्तरला बरं वाटलं असतं.

पुढच्या सुटीला मास्तरने एक धोटा आणि भरलेली कांडी फडक्यात बांधली आणि रुळांपलीकडच्या बौद्ध वस्तीत गेला. इतकी वर्षं लिंबायतला राहून तो तिकडे कधी गेला नव्हता. भिवाच्या खोलीत बुद्धाच्या तसबिरीखाली नागनाथ पाय पसरून बसला होता. त्याची नखं निळी झाली होती. दोन्ही मनगटांवर सोड्याने भाजल्याचे चट्टे होते, एक अजून ओला. वीस वर्षांच्या पोराचे हात पन्नाशीचे वाटत होते.

मास्तर उंबऱ्यात बसला. "वहिनी, पानी द्या," तो रंभाबाईंना म्हणाला. त्यांनी दचकून भिवाकडे पाहिलं आणि तांब्या दिला. मास्तर गटागटा प्यायला. मग त्याने फडकं सोडलं, कांडी बसवली आणि धोटा नागनाथपुढे ठेवला.

"तू पहिले वढ. मंग मी वढस. मनं चुकनं, नागनाथ. तव्हय हिंमत नही झायी." मास्तरच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि त्याने ते पुसलं नाही.

त्या धोट्यावर नागनाथचा जीव होता, हे कुणालाही दिसलं असतं. त्याने बोट फिरवून भोक चाचपलं. मग धोटा उचलून मास्तरच्या मांडीवर परत ठेवला.

"आठे कोन देखस, मास्तर?" तो म्हणाला. आवाजात राग नव्हता, त्यामुळे तो जास्तच लागला. "आठे तुम्हीन मनी माफी मांगतस. माले माफी नको. माले काम शिकाडनारा मास्तर पाहिजे व्हता, चोवीस मागस्ना समोर. घरमा लपीसन नही."

उठताना मास्तरने एवढंच विचारलं, "सकाय येशी का?"

"दारलोंग येसू," नागनाथ म्हणाला. "मधमा येवानं का नही, ते देखीसन ठरावसू."

त्या रात्री मास्तरने सुभद्राबाईंना सगळं सांगितलं. सुंदराला सासरी ऐकून घ्यावं लागेल, दिवाळीला धाडणारसुद्धा नाहीत कदाचित. सुभद्राबाई बाहेर गेल्या. कट्ट्यावरचा कानतुटका कप आणला आणि कचऱ्याच्या डब्यात टाकला. "आते तं व्हईच जाऊ द्या," त्या म्हणाल्या आणि भिंतीकडे तोंड करून झोपल्या.

सकाळी पाळी सुरू झाली. चोवीस माग धडधडत होते. नागनाथ दाराच्या चौकटीला टेकून उभा होता, एक पाऊल आत, एक बाहेर. उखाने त्याला पाहिलं आणि मान फिरवली. निंबा मास्तर बाराव्या मागाशी गेला. खिळ्याला ते दोन लाल धोटे अजून लटकत होते, धूळ खात. त्याने एक काढला, सदऱ्याने पुसला. मग भिंतीकडे चालत गेला आणि विजेचं मोठं बटण खाली ओढलं.

एकदम एवढी शांतता झाली की रुळांवरून जाणाऱ्या मालगाडीचे डबे मोजता आले असते. चोवीस जणांनी माना वर केल्या.

मास्तर दाराशी आला. कांडी बसवून त्याने धोटा नागनाथपुढे धरला. नागनाथने भाजलेल्या हातांनी तो घेतला, ओठांना लावला, तार ओढला. तोडला. परत दिला. मास्तरने वळून सगळ्यांना दिसेल असा तो धोटा धरला, त्याच ओलसर भोकावर स्वतःचे ओठ ठेवले आणि छातीभर श्वास ओढला.

सूत जिभेवर आलं. कस्पटं घशात गेली. सुपडूच्या घशात गेली होती तशीच, सगळ्यांच्या जातात तशीच.

उखाने आपला डबा उचलला आणि नागनाथच्या बाजूने बाहेर निघून गेला. त्याच्यामागे आणखी तिघे गेले. बाकीचे उभे राहिले. सुपडू एकदा जाणाऱ्यांकडे बघत होता, एकदा मास्तरकडे. मग तो हळूच आपल्या मागावर गेला. नागनाथच्या आकड्यासारखा एकेक आकडा मास्तरने रात्री जागून बनवला होता आणि पाळीच्या आधी प्रत्येक मागावर ठेवला होता; सुपडू आपला उचलून बघू लागला.

केबिनचं दार उघडलं. मगनशेठ चप्पल न घालताच बाहेर आले.

"माग कोणे बंद कर्या?" ते ओरडले. "कोणे?"

चार महिन्यांपूर्वी नागनाथला कुणी अडवलं, असं कुणी विचारलं असतं तर शेठने कारागिरांकडे बोट दाखवलं असतं, कारागिरांनी रातपाळीकडे, रातपाळीने गावाकडे. आजही सगळ्यांनी सवयीने एकमेकांकडे पाहिलं.

निंबा मास्तरने ओठांवरची कस्पटं बोटाने पुसली, नागनाथचा हात धरून त्याला उंबऱ्याच्या आत घेतलं आणि म्हणाला, "मी."